नऊ कॉम्प्युटर आणि टेकाडावरचा कॉक

"एकटा कॉम्प्युटर हे गणित दोन दिवस करत बसेल! आणि ग्रामसभा उद्या सकाळी!" कुंदन ओरडला. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या शुभांगीताईचा प्रोग्राम त्याने आणला होता. पाइपमधलं पाणी कुठे किती दाब देतं, ते त्यात दिसायचं.

"मग नऊ लाव की! सुट्टीत शाळेत माश्याच मारतायत ते!" आयुषने बाईंनी दिलेली लॅबची किल्ली नाचवली.

वेदिकाही त्यांच्यासोबत होती. तिचे पप्पा सोमनाथ गावाला पाणी सोडायचे. आठ दिवसांपूर्वी मोठी पाइपलाइन फुटली आणि "यानेच व्हॉल्व्ह झटकन बंद केला!" म्हणत सगळ्यांनी त्यांच्यावर खापर फोडलं. पाइप जोडून झाला, पण त्यांना काम बंद ठेवायला सांगितलं होतं; उद्या कामावरूनच काढणार होते. वेदिकाला ना राग येत होता, ना रडू. जेवणाची चवसुद्धा कळत नव्हती.

पोरांनी पाइपलाइनचे नऊ भाग केले. एका कॉम्प्युटरला एक भाग! प्रत्येकाने आपला दाब काढायचा आणि शेजारच्याला कळवायचा. सगळे एकदम कामाला लागले आणि दुपारपर्यंत पहिली उत्तरं आली.

"टाकीजवळचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला, तर पाण्याचा धक्का बसून पाइप तिथेच फुटतो," आयुष म्हणाला. "आपला तर टेकाडावर फुटलाय!"

"त्या दिवशी लाइट गेली होती. मोटार थांबली असणार," वेदिका कोरडेपणाने म्हणाली.

"तरी नाही फुटत," कुंदन म्हणाला. "पाणी मागे ओढलं जाऊन उंचावर पोकळी होते. पण टेकाडावरचा एअर व्हॉल्व्ह हवा आत घेऊन ती भरतो ना!"

"तो बंद धर," वेदिका म्हणाली.

पुन्हा गणित लावलं आणि संध्याकाळी पाचव्या कॉम्प्युटरवर टेकाडावरच्या दाबाचा आकडा लालभडक झाला! हवा नसल्याने पोकळीत पाणी धाडकन परत आदळत होतं.

तिघांनी सायकली पिटाळल्या. एअर व्हॉल्व्हखालचा कॉक, त्याची चालू-बंद करायची तोटी, घट्ट आवळलेला! शेजारीच सावळीरामतात्यांची कांदे साठवायची चाळ, आणि तात्याही तिथेच.

"तात्या, हा कॉक कुणी बंद केला?"

"मीच की! त्यातून लय पाणी उडायचं. कांदा सडला असता ना माझा!"

कुंदनने सगळं सांगितलं. तात्या मटकन बांधावर बसले.

सकाळी सभेत त्यांनी स्वतःच चूक कबूल केली. "आपण मोठ्यांनी नुसती बोटं दाखवली, पोरांनी शोधून काढलं! शाब्बास! सोमनाथ, काम तुमचंच!" सरपंच चंद्रभागाबाई म्हणाल्या. टाळ्या कडाडल्या. वेदिकाला तरीही काहीच वाटेना.

घरी आल्यावर पप्पांनी आठ दिवस भिंतीला टेकवून ठेवलेली व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी उचलली.

"चल गं, पाण्याची वेळ झाली. येतेस?"

तेव्हा कुठे वेदिकाला हुंदका फुटला.