शकूच्या ओटीवरची हाडं

"हा माझा गोविंदा नाय," शकू म्हणाली. "तुम्ही बघा, मग सांगा."

पेणच्या रामवाडीत राहून खाजगी तपास करणाऱ्या नूरबानो परकार तिच्याबरोबर तडक जिते गावात तिच्या घरी आल्या. मागोमाग त्यांचे सहकारी दिनानाथ, धापा टाकत.

ओटीवर पांढऱ्या कापडात मांडीची दोन लांब हाडं होती. शेजारी शकूच्या नवऱ्याचं, गोविंदाचं ओळखपत्र आणि झेंडूचा हार. रोह्याच्या रस्त्यावरचा एक बंद कारखाना पाडण्याचं काम ठेकेदार हर्षदकडे होतं. होळीनंतर गोविंदा तिथे शिफ्टला गेला, तो परतलाच नाही. काल त्याच्या भावाला, सखाला, खाडीच्या चिखलात ही हाडं आणि ओळखपत्र सापडलं. आज संध्याकाळी दहन होतं.

"कार्ड त्याच्या खिशात असायचं?" नूरबानोंनी विचारलं.

"नाय. शिफ्ट लागली की ठेकेदार ठेवून घेतो."

नूरबानोंनी हाडं शेजारी शेजारी ठेवली. मागची खडबडीत रेघ खाली, गुडघ्याकडची टोकं स्वतःकडे. खुब्यात बसणारी गोटी दोन्ही हाडांवर उजवीकडे वळलेली होती. त्यांनी बोट फिरवलं. हाड चकाकत होतं.

"दिनानाथ, काय दिसतं?"

"स्वच्छ आहेत हो अगदी."

"तेच खटकतंय."

सखा अंगणात उकिडवा बसला होता. "हर्षदशेठ बोलले, खाडीच्या बांधाकडं कुत्री घुटमळतात, बघ जा. गेलो, तर हे."

"गोविंदाचं शेत आता तुझ्याकडे येईल?"

"भावाच्या हाडांवर भात पिकवू काय मी?" सखा ताडकन उठला.

शेजारचा सुजय रोह्याच्या एका नर्सिंग कॉलेजात शिपाई होता. दिनानाथांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

"कॉलेजात हाडं असतात?" नूरबानोंनी विचारलं.

"असतात की. डावी एका ट्रेत, उजवी दुसऱ्यात. पोरी गोंधळ घालतात, रोज मीच लावतो. दिवाळीच्या सुट्टीत मात्र खोली रंगवायला दिलीय. चावी रंगवाल्यांकडं."

इतक्यात हर्षदचा टेम्पो आला. "लाकडं माझ्याकडून, वहिनी. उरकून घ्या लवकर. रोह्याच्या कॉलेजात रंगाची माणसं खोळंबलीत माझी."

"गोविंदाला जाळायला लाकडं तू देणार?" शकूने विचारलं.

"पोलीस उद्या तुमच्या साइटवरची गाळाची टाकी उपसणार होते ना?" नूरबानो म्हणाल्या.

"आता कशाला? माणूस मिळाला."

बंदोबस्ताला आलेल्या हवालदार आदेशने मान हलवली. "फाइल बंद करायला सांगितलंय, मॅडम."

"उघडा ती. अंगणातून कुणी हलायचं नाही."

नूरबानोंचा आवाज चढला नव्हता, पण दिनानाथ दचकले.

"आठ महिने चिखलात पडलेलं हाड काळपट होतं. याला वॉर्निश आहे. ही शिकवायची हाडं आहेत. माणसाच्या दोन मांड्यांच्या गोट्या एकमेकींकडे वळतात. इथे दोन्ही एकाच बाजूला. म्हणजे दोन्ही हाडं उजव्या पायाची, दोन वेगळ्या माणसांची."

"मग सुजयच," दिनानाथ म्हणाले.

"सुजय रोज डावं-उजवं लावतो. तो एकाच ट्रेतून दोन उचलेल? हे घाईत उचललंय, आणि उचलणाऱ्याला मांडी म्हणजे मांडी. खोली रंगवताना चावी ज्याच्या माणसांकडे होती, त्याने. कार्डही त्याच्याचकडे होतं. सखाला बांधावर धाडलं त्यानेच."

"पण कशासाठी?"

"टाकी उपसायची थांबावी म्हणून. गोविंदा कुठे आहे हे माहीत असलेल्यालाच त्याची खोटी हाडं लागतात." त्या हर्षदकडे वळल्या. "बाईच्या ओटीवर परकी हाडं ठेवलीत, वर लाकडंही आणलीत."

हर्षदने सखाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "गॅस होता आत. मी ढकललं नाय त्याला. तो उतरला."

"उतरवला कोणी? मास्क दिला होता?"

हर्षद टेम्पोकडे वळला. आदेशने त्याचा दंड धरला.

शकूने हार बाजूला काढला, ती हाडं कापडात नीट गुंडाळली आणि सुजयच्या हातात दिली. "ह्यांची पण कोण माणसं असतील. जपून ने."

मग ती आदेशसमोर उभी राहिली. "उद्या नाय. आता काढायचा त्याला. मी येतंय."

आदेशने गाडीचं दार उघडलं.