पूर्वेकडची जागा

"बाई, माझा बंगला गळतोय," असं म्हणत त्याने एक ओलाचिंब हिरवा गठ्ठा माझ्या मशीनपुढे ठेवला. दोऱ्याचं टोक माझ्या दातांत होतं, म्हणून हसू दाबता आलं.

आमच्याकडे ताडपत्र्या, दप्तरं, गाड्यांची आच्छादनं असलं जाड शिवणकाम चालतं. दुकान दादाचं, हात माझे. गठ्ठा उलगडला तर तंबू. भोक शोधायला तो तिथेच उभारावा लागला. मी खडू घेऊन आत शिरले आणि तो बाहेरून झारीने पाऊस पाडू लागला. एक थेंब कपाळावर पडला. वर पाहिलं, तर भोकातून एक डोळा माझ्याकडेच बघत होता.

"सापडलं?"

"सापडलं..." खडूने खूण करायची मात्र राहूनच गेली.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. माझा आवाज बारीक. घरी माझ्या प्रत्येक वाक्याला आधी "काय?" मिळतं. हा मात्र मान वाकवून ऐकायचा, आणि ऐकून झालं तरी मान लगेच सरळ करायचा नाही.

मग सॅकचा पट्टा उसवला, मग बाटलीची पिशवी.

"मास्तर, उसवलेलं आणि ब्लेडने कापलेलं मला ओळखता येतं," एकदा मी म्हटलं.

"मग सावकाश शिवा," तो म्हणाला.

एक दिवस सहलीला चला म्हणत त्याने कापडाच्या टेबलावर नकाशा पसरला. दाट झाडांचं उद्यान, मधे तंबूंचा तळ, शेजारून ओढा, वर टेकडीकडे जाणारी पायवाट. त्याची बहीण आणि मेहुणे येणार होते, बहिणीच्या तंबूत माझी सोय होती. वाट चुकणार नाही ना, असं विचारलं तर म्हणाला, चुकणारच, म्हणून तर बरोबर कुणीतरी हवं. त्याने ओढ्याकाठची जागा घेतली होती. मी हळूच विचारलं, तिथून सूर्य उगवताना दिसतो का?

माझा एक नेम आहे. उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत मी एक शब्दही बोलत नाही, आणि सूर्य दिसल्याशिवाय प्रार्थना करत नाही. ढग असले की वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी तो सांगायला आला. जागा बदलली, आता पूर्वेकडच्या कडेला. नळ लांब पडेल... पण पाणी मी आणीन.

त्या दिवशी माझी शिवण पहिल्यांदा वाकडी गेली.

दादाने नाही म्हटलं. जंगलात कसला नेम पाळणार, लोक काय म्हणतील, आणि तिथे हरवलीस तर तुझी हाक तरी कुणाला ऐकू येईल? वहिनी भाजी चिरता चिरता थांबली. दादा शाळेतही जाऊन आला. संध्याकाळी मास्तर दुकानात आला आणि नकाशाची घडी घालू लागला. घरच्यांना दुखवून नको, म्हणाला. पुढच्या वर्षी बघू.

दादाचा आला नव्हता इतका मला त्याचा राग आला.

"बेत तुमच्या एकट्याचा नव्हता," मी म्हणाले. "मी जाणार. तुम्ही आलात तर बरं. नाहीतर तंबू मलाही ठोकता येतो."

त्याने घडी पुन्हा उलगडली.

निघायच्या पहाटे मी बुटांच्या नाड्या बांधून उभी राहिले, तर दादा दारात आडवा. माझी वेळ त्याने बरोबर साधली होती.

"जायचंय ना? मग तोंडाने सांग. सांगितलंस की बाजूला होतो."

मी गप्प. नेम मोडला तर जंगलातही तो पाळीन हा माझा हट्ट खोटा, पाळला तर पाय घरात.

खाली मेहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. बाहेर ढग दाटलेले. मी सॅक पाठीवर तशीच ठेवून जिन्यासमोरच्या खिडकीकडे बघत राहिले. मास्तर वर आला, त्याने एकदा मला पाहिलं, एकदा दादाला... आणि पायरीवर बसला. हॉर्न पुन्हा वाजला. तो हलला नाही. वहिनीने मागून येऊन माझ्या सॅकचा पट्टा सारखा केला.

किती वेळ गेला, देव जाणे. समोरच्या गच्चीवर ढगाची कड उसवली आणि केशरी उजेड खिडकीतून माझ्या बुटांवर आला. मी हात जोडले. शांतपणे, एकही ओळ न गाळता, प्रार्थना पुरी केली. मग म्हणाले,

"दादा, बाजूला हो. मी टेकडी चढून येते, आणि आले की यांच्याशी लग्न करते."

माझा आवाज नेहमीचाच होता. दादाने "काय?" विचारलं नाही. तो बाजूला झाला.

मास्तर पायरीवरून उठला, कठड्याला धरून.

"मला... कुणी विचारलं नाही अजून."

"विचारते ना," मी त्याच्या हातात सॅक देत म्हटलं. "वाट चुकलो की विचारते."

सॅक खांद्याला अडकवून तो माझ्यापुढे जिना उतरला आणि रस्त्याने चालू लागला. घाईघाईने, आणि गाडी उभी होती त्याच्या बरोबर उलट्या दिशेला.