कापलेल्या पँटींचे नऊ खिसे

"मशीन चांगली आहे हो. चालवणारी जरा धसमुसळी वाटते!"

पत्ता विचारायला दारात डोकावलेला मेकॅनिक असं बोलला, आणि भिंगरीचं डोकंच फिरलं. भिंगरी हे मावशीनं ठेवलेलं नाव, कारण भाची एका जागी बसेल तर शपथ! शाळा सोडून ती मावशीच्या कपडे आल्टर करायच्या दुकानात बसायला लागली होती. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. तेव्हा मात्र एक मशीन, एक लांब टेबल आणि टेबलाखाली पँटींच्या कापलेल्या पायांचं पोतं... बस.

"तुम्हाला कुणी विचारलं?" ती फणकारली, रागानं पाय मारला, आणि मशीन कचकन बंद पडली.

मावशी कपाळाला हात लावून हसली. "आता आलाच आहेस तर बघ रे बाबा."

आतला एक भाग तुटला होता. बाहेरगावाहून मागवायचा म्हणजे आठ दिवस. तोवर सगळं काम हातानं. आणि तो रोज दुपारी हजर — "भाग आला का?"

चौथ्या दिवशी मावशी म्हणाली, "अरे, भाग तुझ्या पत्त्यावर येणार ना? मग इथं काय विचारतोस?"

त्याचे कान लालबुंद! भिंगरीनं खाली बघून सुई ओवली. तीन वेळा चुकली.

त्याची हत्यारं वर्तमानपत्रात गुंडाळलेली असायची. कागद फाटायचा, पेचकस घरंगळायचे, बोटाला टोचायचे. हे तिच्या नजरेतून सुटतंय होय! तो पाणी प्यायला उठला की ती प्रत्येक पेचकस वितीनं मोजून घ्यायची. मग पोतं उपसलं. खाकी, राखाडी, निळी... कापलेल्या पायांना दुमड आधीच शिवलेली, म्हणजे खिशाचं तोंड आयतंच. नऊ हत्यारं, नऊ खिसे. मागं आधाराला जीन्सचा अख्खा पाय उसवून पसरला आणि त्यावर खिसे शिवून गुंडाळी केली. बोटांची चाळण झाली, पण मावशीला कळू दिलं नाही.

आठव्या दिवशी भाग बसला. मशीन भरभर चालली.

"चला, झालं," तो तेल पुसत म्हणाला. "मला परगावच्या गिरणीत नोकरी लागलीय. आज चारची गाडी."

"मग जा ना! इथं कुणी बांधून ठेवलंय?" भिंगरीनं ती गुंडाळी टेबलावर आपटली. "आणि हे घेऊन जा. कचरा आहे. पोत्यातला."

त्यानं उलगडली. एकेक पेचकस खिशात सरकवत गेला — हळू, अगदी हळू. सगळे नीट बसले.

"मोजलंस कधी?"

"डोळे आहेत मला."

"ते पहिल्याच दिवशी कळलं..." तो थांबला. "बांधायला नाडी नाही याला."

"राहिली. आण इकडे."

"मशीनवर मार की. झाली ना सुरू."

तिनं मशीनकडे बघितलं. मग सुई उचलली. "मशीनची शिलाई उसवते."

"मी जरा बटणं घेऊन येते," म्हणत मावशी चप्पल घालून निघूनही गेली. बटणांचा डबा काठोकाठ भरलेला होता.

भिंगरी टाके घालत राहिली. बारीक... मग आणखी बारीक. घड्याळात पावणेचार झाले.

"गाडी चुकेल तुझी," ती वर न बघता म्हणाली.

"पाचला आहे एक."

"आणि पाचची चुकली तर?"

"सातला आहे. तू टाके घाल."

तो सातच्या गाडीनं गेला. ती दारापर्यंतसुद्धा गेली नाही. गेली असती तर रडली असती, आणि ते तिला चालणार नव्हतं.

आठवड्यानं दुकानातला फोन वाजला. ना हॅलो, ना काही.

"चौऱ्याऐंशी आहेत."

"काय?"

"टाके. एवढ्याशा नाडीला."

ती नेहमीसारखी करवादली, "तिकडं काही काम नाही वाटतं तुला?"

"आहे ना," तो म्हणाला. "पण होत नाही."