रिकामं समजा

हे कुणाला सांगायचं नाही, असं मावशीने बजावलंय. तिची नोकरी जाईल. म्हणून मी बोलत नाही, नुसतं लिहितेय.

मावशीची कंपनी आमच्या गल्लीतल्या घरांत एक नवं यंत्र लावून बघतेय. छताला चिकटवायची पांढरी चकती. घरात किती माणसं श्वास घेताहेत ते तिला कळतं. एकटं माणूस पडलं, तर मावशीच्या फोनवर गजर होतो. फक्त आधी सगळ्यांनी बाहेर थांबायचं, म्हणजे रिकामं घर कसं असतं ते चकती शिकते.

समोरच्या आजी एकट्याच राहतात. त्यांच्याकडे चकती लावून आम्ही तिघी बाहेर आलो, दार ओढून घेतलं. फोनवर आलं: आत एक जण.

मावशी पलंगाखाली, न्हाणीघरात, कपाटामागे बघून आली. पुन्हा तेच.

"आमचे हे बसले असतील खुर्चीत," आजी हसल्या. "जिवंतपणी तरी कुठे उठत होते!"

मावशीला अजून घरं उरकायची होती. "नवं यंत्र आहे, चालायचंच," म्हणत तिने बटण दाबलं: 'रिकामं समजा'. आतला तो एक जण हिशोबातून गेला. मग आजी आत गेल्या, की एक दिसायचा. सगळं सुरळीत.

काल शाळेतून येताना मी आजींना पुस्तक देऊन आले. आज सकाळी त्या न्हाणीघरात पडलेल्या सापडल्या. रात्रभर गार फरशीवर होत्या, आणि गजर झालाच नव्हता. मावशीने मला फोन दाखवला. कालपासून एकच ओळ: घर रिकामं.

आजी तर आत होत्या! मला आधी कळेचना. मग कळलं. चकतीने जे हिशोबात धरलंच नव्हतं, ते घरातून निघून गेलं होतं, आणि त्याच्या जागी आजीच वजा होत होत्या.

दवाखान्यात आजी पुटपुटल्या, "खुर्ची मोकळी झाली गं... तू निघालीस ना, तुझ्या मागोमाग..."

"आजोबा?"

"छे... ते असते तर मला अशी टाकून गेले असते का?"

आता मी घरी आहे. आमच्याही छताला चकती आहे. ती लावली तेव्हा आमचं घर खरंच रिकामं होतं. तिला जोडलेला मावशीचा जुना फोन माझ्यासमोर आहे. त्यावर आलंय: आत दोन जण.

मावशी आली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण तिची हाक आत्ता येतेय, दाराबाहेरून. "अगं उघड ना, किल्ली विसरले! आणि मघापासून बोलतेयस कुणाशी?"

मी तर तोंडातून एक शब्दही