साहेबांना सोबत

पिशवीतला गप्पी मासा अजून जिवंत होता, एवढंच काय ते समाधान. परवापर्यंत त्याला झुपकेदार शेपटी होती. आता नुसत्या चिंध्या.

मी माशांच्या दुकानात शिरले ती भांडायच्या तयारीनेच. काउंटरवर पिशवी ठेवली — आपटणार होते, पण आत जीव होता म्हणून ठेवली — आणि म्हणाले, "हा परवा तुमच्याकडून नेला. फायटरसोबत छान राहील म्हणून!"

टाकीत कोपरापर्यंत हात घातलेला माणूस वळला. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. त्याने पिशवी उजेडात धरली.

"फायटरसोबत... हा? मॅडम, इतकी रंगीत शेपटी बघून त्याला वाटलं असणार, दुसरा फायटरच घरात घुसला."

"ते मला कसं कळणार? इथल्या बाईंनी दिला."

"वहिनी. ती गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. मी म्हणतो. म्हणून दुकान तिच्यामुळे चालतं."

एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी जीव थाऱ्यावर नव्हता. कारण फायटर माझा नव्हता, बाबांचा होता. बाबांचं चष्म्यांचं दुकान, काउंटरवर साठ लिटरची टाकी, आणि त्यात एकटाच ऐटीत फिरणारा निळा-तांबडा फायटर. त्याचं नाव साहेब. बाबा हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले आणि दुकान नि साहेब, दोन्ही माझ्या गळ्यात आले. मी रोज बाबांना साहेबांचे फोटो पाठवायचे. कल्ले फुगवलेले, पंख पसरलेले, काय तो रुबाब! बाबा फोनवर म्हणाले, "मी नाही ना, एकटा पडला असेल गं. कुणीतरी सोबत बघ त्याला." मी हा गप्पी आणला आणि लगेच सांगूनही टाकलं, "बघितली सोबत, एक गप्पी. दोघं मजेत आहेत."

आणि आता ही मजा. साहेबांचीही शेपटी फाटली होती, पाच दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि पुढच्या शनिवारी दुपारी बाबा येणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला धक्का बसेल असं काही नको.

"साहेबांनी पाच दिवस काही खाल्लं नाहीये. त्यांना काही झालं तर..."

त्याने गप्पीला अलगद दुसऱ्या टाकीत सोडलं. "पाच दिवस म्हणालात? गप्पी तर परवा आला. म्हणजे दुखणं त्याच्या आधीचं आहे." मग हात पुसत म्हणाला, "उद्या येतो. बघून सांगतो."

तो आमच्या दुकानात आला. छोट्या नळीत टाकीचं पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले, रंग बदलायची वाट बघत बसला. पाणी ठीक होतं. हीटर ठीक होता. साहेब मात्र कोपऱ्यात, पानाआड, फिकटलेले. सोमवारी तो परत आला. मंगळवारीही. माझ्या छातीतली धाकधूक त्याची चाहूल लागली की जरा बदलायची... कमी व्हायची असं नाही म्हणत मी. बदलायची.

"टायगर बार्ब आणले तर?" मी विचारलं.

"चावरे. लांब शेपटी दिसली की लचका तोडतात."

"गुरामी?"

"तो याच्याच कुळातला. घरात भाऊबंदकी कशाला?"

"मग आहे तरी कोण?"

"कोरी. तळाशी राहतात, मिशा आहेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सहा तरी हवेत, एकट्याने घाबरतात. माझ्याकडे तीन आठवडे वेगळे ठेवलेत, धडधाकट आहेत. पण आधी साहेब जेवू देत. उपाशी माणसाच्या घरी पाहुणे नेत नाहीत."

"आणि साहेबांना कोरीही नको असले तर?"

"तर नाही आणायचे. काही फायटर एकटेच सुखी असतात."

"काही माणसंही," मी म्हणाले. मागच्या वर्षी ठरलेलं लग्न मी मोडलं होतं. तेव्हापासून हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच असायचं.

त्याने नळीतून नजर वर केली. एक थेंब जास्तीचा पडला.

बुधवारी मलाच राहवलं नाही. "जगाच्या टाक्यांत डोकावता आणि स्वतःचा चष्मा चिकटपट्टीवर? बसा इथे."

तो गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसला. मी पट्टी घेऊन समोर वाकले. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं असलं की अगदी जवळ जावं लागतं. दिवसातून दहादा करते मी हे काम.

"माझ्या डाव्या डोळ्यात बघा... हलू नका."

"हलत नाहीये."

"आता उजव्या..."

"दोन्हींत एकदम नाही का चालत?"

"नाही. माप चुकतं." माप चुकलंच होतं. मी दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा.

माप झालं तसा तो आरशाकडे वळला आणि एकाएकी ताठ बसला.

"मॅडम... हा आरसा इथे कधीपासून आहे?"

"दोन आठवडे. आधी तिकडे होता. इथे उजेड चांगला येतो म्हणून मी हलवला. का?"

"तुम्ही बसा इथे. बघा."

मी बसले. आरशात माझा चेहरा दिसला, आणि माझ्या खांद्यामागे टाकी. साहेब पानाआडून कसेबसे बाहेर आले, त्यांनी आरशात पाहिलं, कल्ले फुगवले, फाटके पंख ताणले आणि काचेवर धडकले. एकदा. दोनदा. मग दमून खाली गेले.

"समोर दुसरा फायटर आहे असं वाटतंय त्याला," तो हळूच म्हणाला. "दिवसभर. तो हटतच नाही, म्हणून हाही हटत नाही."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते सगळे फोटो! मी ज्याला रुबाब म्हणत होते, ती त्या जिवाची लढाई होती. आणि मी ती रोज टिपून बाबांना पाठवत होते, वर लिहीत होते, 'साहेब खूश!'

"मीच मारत होते त्यांना..."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"एकटेच बरे असतात म्हणे! मी तर त्यांना एकटंही राहू दिलं नाही."

तो उठला, आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकटं राहायचं की नाही, ते त्याने शांतपणे ठरवावं. रोज आरशाशी भांडून नाही."

हे साहेबांबद्दल होतं. होतं ना?

गुरुवारी साहेबांनी एक दाणा खाल्ला. शुक्रवारी चार. शनिवारी सकाळी तो सहा कोरींची पिशवी घेऊन दारात हजर. बाबा दुपारी यायचे होते.

"आज नको. पुन्हा फाडाफाडी झाली तर? बाबांच्या समोर?"

"सांगितलंय ना त्यांना, सोबत आहे म्हणून?"

सांगितलं होतं. तेच तर नडत होतं.

त्याने आधी साहेबांना भांड्यात काढलं. मग टाकीतले दगड हलवले, झाडं या टोकाची त्या टोकाला लावली. "घर ओळखीचं राहिलं नाही की मालकी गाजवता येत नाही. आधी पाहुणे, मग साहेब." कोरींची पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली. वीस मिनिटं. मग एकेक मिशीवाला तळाशी सुळकन. आणि शेवटी साहेब.

साहेब थबकले. एक कोरी त्यांच्या अगदी खालून गेला. कल्ले फुगले...

मी त्याचा हात कधी धरला मला कळलंच नाही. ओला होता, गार होता, आणि त्याने तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातात जाळी तयार होती.

साहेब कोरीच्या मागे सुसाट गेले. कोरीने ढुंकूनही पाहिलं नाही, वाळू उकरत राहिला. साहेब थांबले. पुन्हा एकदा कल्ले फुगवले, जरा कमी. मग वळले, नव्या झाडाभोवती एक फेरी मारली आणि वर येऊन तोंड उघडून बघू लागले — दाणे कुठे आहेत?

मी हसले की रडले, देव जाणे. हात मात्र सोडला लगेच.

"माझा चष्मा?" तो घसा खाकरून म्हणाला. "भिंग अजून आलं नाही म्हणाला होतात."

मी खणातून डबी काढली. "गुरुवारीच आलं होतं."

तो डबीकडे बघत राहिला. "पाणीही... रोज तपासायची गरज नव्हती."

त्याने चष्मा घातला, सवयीने आरशाकडे वळला. आरसा भिंतीकडे तोंड करून उभा. "कसा दिसतोय? आता तुम्हीच सांगायचं."

"बरा," मी म्हणाले. माझे कान तापले होते.

"पाणी ठीक, मासे ठीक, चष्मा झाला. आता यायला मला काही निमित्त उरलं नाही." नव्या भिंगांमागून तो थेट माझ्या दोन्ही डोळ्यांत एकदम बघत होता. "निमित्त नसताना आलो तर... चालेल?"

माझ्या तोंडात ते जुनं वाक्य आलं. काही माणसंही... आणि तिथेच अडकलं. दाराशी गाडी थांबली होती.

बाबा आत आले. वाळलेले, हळूहळू पावलं टाकत, एक हात छातीशी. माझ्याकडे नाही, आधी टाकीकडेच गेले. साहेब त्यांना बघून काचेशी आले. बाबांचा चेहरा फुलला.

"काय साहेब? शेपटी वाढतेय वाटतं परत! आणि तो गप्पी कुठंय गं?"

"बाबा... मी खोटं बोलले. सगळं सांगते. आधी बसा."

"बसतो, बसतो. ही सोबत कुणाची मग?" खुर्चीत टेकून ते बोटाने मोजू लागले. मिशीवाले वाळूत घुसायचे, दगडामागून निघायचे. "चार... पाच... सहा. सहा जण आणलेस होय त्याला?"

तो टाकीच्या पलीकडे अवघडून उभा होता, हातात ओली जाळी. उत्तर न मिळाल्यासारखा. जायला निघाल्यासारखा.

"नाही बाबा," मी त्याच्याकडे बघत म्हणाले. "सात."