एका कानातलं डूल

एर्निस मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो जिन्यात अडकला होता. आमचा शिवणकारखाना बिश्केकमधल्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात होता, आणि जिना इतका अरुंद की दोन धडधाकट बायका समोरासमोर आल्या तर एकीला मागे फिरावं लागे. त्या जिन्यात हा उंचच उंच माणूस कापडाचा अख्खा गठ्ठा आडवा धरून उभा. बाहेर पावसात बर्फ मिसळून पडत होतं, माझ्या मानेवरून पाणी आत उतरत होतं, आणि मला आधीच उशीर झाला होता.

"अहो, उभा धरा ना तो," मी म्हणाले. "असा आडवा नेलात तर वसंतापर्यंत इथंच राहाल."

"उभा धरला की डोक्यावर पडतो."

"मग डोकं जरा बाजूला ठेवा. नाहीतरी आत्ता ते वापरात दिसत नाहीये."

तो इतका मनापासून हसला की गठ्ठा खरोखरच त्याच्या डोक्यावर पडला. मी वाकून दुसरं टोक उचलायला गेले आणि माझी नजर त्याच्या बुटांवर पडली. असले बूट घालून कोणी हमाली करत नाही. म्हणजे हाच तो... मालकांचा धाकटा, अल्माटीहून शिकून आलेला! मी जीभ चावली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं, तेव्हा म्हटलं आता घाबरून काय उपयोग.

"चला, मालक," मी म्हणाले. "पाय सांभाळा. खाली अंधार आहे, आम्हाला सवय आहे."

सागिनबेक मालकांनी त्या हिवाळ्यात त्याला माझ्या शेजारच्या मशीनवर बसवलं. कापड हाताला लागल्याशिवाय धंदा कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः तसेच वर आले होते. गिरणी बंद पडली, सगळं शहर हातावर हात ठेवून बसलं, तेव्हा बायकोनं माहेराहून आणलेलं एकुलतं एक मशीन त्यांनी स्वयंपाकघरात मांडलं. ती शिवायची, हे बाजारात नेऊन विकायचे. आता त्यांची तीन तळघरं होती, हिरव्या छपराचं दुमजली घर होतं, आणि मॉस्कोचा एक व्यापारी दर मोसमाला त्यांच्याकडून कोट घेत होता.

मी बाह्या लावायची. दिवसभर फक्त बाह्या. एर्निसनं पहिल्याच दिवशी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

"हा कोट कोणासाठी म्हणायचा?" मी विचारलं.

"ज्याचे दोन्ही हात डावे असतील त्याच्यासाठी."

"म्हणजे तुम्हीच घेऊन जा. उसवा आधी."

सगळ्या बायका खुदुखुदू हसल्या. तो लाल झाला, पण उसवत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर माझी कात्री जागेवर नव्हती. ती त्यानं गरम पाण्याच्या पायपावर ठेवली होती, थंडगार लोखंड बोटांना चावतं म्हणून. मग रोज सकाळी माझी कात्री कोमट असे, आणि त्या एवढ्याशा उबेसाठी मी अर्धा तास आधी उठू लागले. वेडेपणाच नाही तर काय!

जेवणाच्या सुट्टीत आम्ही अंगणातल्या झाडाखाली उभ्यानं चहा प्यायचो, आणि भांडायचो. आमचं सगळं प्रेम भांडणातूनच झालं.

"बाबांनी मजुरी वाढवली तर तो मॉस्कोवाला उद्या दुसऱ्याच्या दारात उभा राहील," तो म्हणायचा. "मग तुम्ही सगळ्या घरी बसाल. ते चालेल?"

"तो भाव पाडून मागतो तेव्हा दरवेळी आमचीच मजुरी का कापली जाते? एकदा तुमच्या छपराचे पत्रे काढून द्या की त्याला."

"बाबा कंजूष नाहीत, पेरिझात. झामिरा एजेच्या डोळ्यांचं ऑपरेशन कोणी केलं?"

झामिरा आमच्यातली सगळ्यात थोरली, म्हणून सगळ्यांची एजे, म्हणजे ताई. वीस वर्षं काळ्या कापडावर काळा दोरा ओवून तिचे डोळे गेले होते, आणि मालकांनी खरंच एका शब्दावर सगळा खर्च केला होता.

"तेच म्हणते मी," मी म्हणाले. "डोळे गेले की डॉक्टरचे पैसे देतात. डोळे जातात ते काम मात्र आहे त्याच मजुरीवर. तुमच्या बाबांना द्यायला आवडतं, पण उपकार म्हणून. हक्काचं म्हणून दिलं तर कोणी दुवा देणार नाही ना!"

वाटलं, तो दुखावला. मग हळूच म्हणाला, "तू रागावलीस की तुझं नाक लाल होतं."

"थंडीनं होतं ते."

"कालही झालं होतं. काल तर ऊन होतं."

तुम्हीवरून तूवर तो कधी आला ते माझ्या लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा मी चहाच्या वाटीत तोंड लपवलं...

आमच्याकडे मुलाच्या आईनं मुलीच्या कानांत डूल घातलं की सोयरीक पक्की. जर्दाळू फुलले तेव्हा त्यानं विचारलं. झाडाखालीच, भुरभुर पाऊस पडत होता, आणि त्याच्या केसांत पांढऱ्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

"आई तुझ्या कानांत डूल घालायला येईल म्हणतेय. येऊ दे?"

"आई म्हणतेय, की तू म्हणतोयस?"

"मी तर हिवाळाभर म्हणतोय. तुला बाह्यांतून डोकं वर काढायला वेळ कुठे होता?"

"आणि तुझे बाबा?"

"तेही हो म्हणालेत."

"येऊ दे मग," मी म्हणाले, आणि आत पळाले. मशीनवर बसले तर सुईत दोरा जाईना. मी त्याच्यावर किती प्रेम करत होते हे मला त्या वेळी कळलं.

त्याच दिवसांत आमचं दुसरंही एक ठरत होतं. वसंताचं नवं काम येणार होतं, दुप्पट कोट, मजुरी मात्र होती तीच. कापड शुक्रवारी यायचं होतं. बायकांनी ठरवलं, की कापड आलं तरी हात लावायचा नाही. झामिरा एजेनं सगळ्यांच्या वतीनं मालकांशी बोलायचं आणि नगामागे मजुरी वाढवून घ्यायची, मगच मशीन सुरू करायचं. हे सगळं उघड बोललं जाई. एर्निस आमच्यातच बसायचा, त्याच्यापासून कोणी काही लपवलं नाही.

मग मालकांनी निरोप धाडला. नारीनच्या वाटेवर, डोलोनच्या खिंडीत पुन्हा बर्फ पडलंय, पोरीच्या माहेरी जाणं आता जमणार नाही. पण कारखान्यातल्या बायका काय परक्या आहेत? त्याच तिचं माहेर. डूल तिथंच घालू, मेंढी कापू, सगळ्यांना जेवू घालू. शुक्रवारी.

माझी आई फोनवर रडत हो म्हणाली. मी मात्र हवेत होते. शुक्रवार का, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही.

त्या दिवशी मशीनं भिंतीला सरकवून टेबलं जोडली, वर पांढरं कापड अंथरलं. तळघरात मटणाचा आणि ताज्या पावाचा वास कोंदला होता. मालकांनी कोणाला काही करू दिलं नाही. स्वतः हात धुवायला पाणी घातलं, स्वतः वाढलं. मांडीचा मानाचा तुकडा त्यांनी दोन्ही हातांनी झामिरा एजेपुढे ठेवला. मी डोक्यावर पांढरा रुमाल बांधून कोपऱ्यात बसले होते, शेजारी एर्निस. आनंदानं आणि धास्तीनं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, सकाळपासून मी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला किंचित टेकला होता, आणि मला आणखी काहीच नको होतं.

झामिरा एजे पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"एजे, बोलणार कधी?" मी कुजबुजले.

"आता कशी बोलू गं, पोरी? त्याचं मीठ पोटात गेलं. आणि आज मी तुझ्या माहेरची. व्याह्याच्या तोंडावर मजुरी मागितली तर तुझं जमलेलं मोडेल."

"मग उद्या?"

"एकदा दुवा झाली की उद्या कसला? सगळ्या म्हणाल्यात, जाऊ दे. पोरीचं चांगलं होतंय ना..."

मी मान वर करून पाहिलं. सगळ्या जेवत होत्या, पण एकीचीही नजर वर नव्हती. मिठाला जागणाऱ्या बायका त्या. मालक हे आमच्याइतकंच जाणून होते.

एर्निसची आई, जिला आम्ही सगळ्या अपा म्हणायचो, माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिची बोटं खरबरीत होती, सुईनं टोचलेल्या जुन्या खुणांची. तिनं माझ्या उजव्या कानात डूल घातलं. सोन्याचं, थंड, जरासं जड. बायकांनी आनंदाचा गलका केला, आणि मालक उभे राहून म्हणाले, "आजपासून हा कारखाना म्हणजे एकच घर. आणि घरात कोणी मजुरीची बोलणी करत नाही."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

"शुक्रवार कोणी ठरवला?" मी एर्निसला विचारलं, ओठ न हलवता.

"बाबांनी."

"तुला माहीत होतं?"

त्याला खोटं बोलता येत नसे. तेच तर मला आवडायचं. "होतं," तो म्हणाला. "मला वाटलं... तू घरात आलीस की आपण दोघं मिळून हळूहळू बाबांना समजावू. आत्ता भांडण झालं असतं तर सगळंच बिघडलं असतं. पेरिझात, मी आपल्यासाठीच..."

त्याच्या आईनं दुसरं डूल हातात घेतलं होतं. ते कानात गेलं, की हात पसरून दुवा, आणि मग हा विषय जन्मभर बंद. सबंध खोलीत मिठाचा कण पोटात नसलेली मी एकटीच होते.

"अपा, ते राहू द्या," मी तिला म्हणाले आणि उभी राहिले. "मालक, दुवेच्या आधी मला बोलायचंय."

"सून सासऱ्याशी असं तोंड वर करून बोलत नाही गं," त्याची आई घाबरून म्हणाली.

"म्हणून तर आधीच बोलते. एक कान रिकामा आहे, अपा. अजून मी कोणाची सून नाही." मग मी मालकांकडे वळले. "काम दुप्पट आलंय. नगामागे मजुरी वाढवा. नाहीतर उद्या कापडाला कोणी हात लावणार नाही. हे आज झामिरा एजे बोलणार होती. तुम्ही तिच्या तोंडात घास भरलात."

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"बाह्यांच्या मजुरीसाठी तू माझ्या पोराला नाकारतेस?"

"मी त्याला नाकारत नाही. तुम्हीच त्याला सौद्यात घातलंत, माझ्या बदल्यात या बायकांची तोंडं बंद करायला. आणि मला ते आवडलं असतं हो, मालक... सुख तर माझंच होतं. पण त्याची किंमत मोजली असती यांनी."

मी एर्निसकडे पाहिलं. फक्त उभा राहा, मी मनात म्हणत होते. काही बोलू नकोस, नुसता उभा राहा. तो टेबलावरच्या पांढऱ्या कापडाकडे पाहत बसला होता.

झामिरा एजेनं हातातलं हाड ताटात ठेवलं आणि ती उठली. मग तिच्या शेजारची. मग एकेक करून सगळ्या. मालकांनी एकेकीकडे पाहिलं. "वाढवतो," ते म्हणाले. "पण ही पोरगी उद्यापासून इथं नको." एर्निसच्या आईनंच माझ्या कानातलं डूल काढलं. तिचे डोळे भरले होते. "मीही शिवलंय गं, स्वयंपाकघरात बसून," ती माझ्या कानाशी पुटपुटली.

मालकांनी शब्द पाळला, मजुरी वाढली. मॉस्कोवाल्यानं निम्मं काम दुसरीकडे दिलं, हेही खरं, आणि मालकांनी एक तळघर बंद केलं. तिथल्या काही बायका मला अजून शिव्या देतात, काही माझ्या नावानं दुवा करतात. कोण बरोबर, ते मला सांगता यायचं नाही. मी तरी त्या दिवशी गप्प बसून घास गिळू शकले नसते, एवढं मला ठाऊक आहे.

मी गावी जायला निघाले त्या सकाळी तो गाड्यांच्या तळावर आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला. "घर, कारखाना, सगळं सोडतो."

"आणि अपाला म्हातारपणी कोण बघेल? धाकटा आहेस तू. आपल्यात आई-बापांची चूल धाकट्याचीच."

"मग तू थांब."

"कुठे? हिरव्या छपराखाली?"

गाडीवाला नारीन, नारीन म्हणून ओरडत होता.

"माझ्यावर प्रेम नाही का गं तुझं?"

"आहे," मी म्हणाले. ते त्याच्यासमोर स्पष्ट शब्दांत मी पहिल्यांदाच म्हणत होते. "खूप आहे, एर्निस. पण मी बोलत होते तेव्हा तू बसून होतास."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं माझी पिशवी गाडीत ठेवली, कोणी ओढणार नाही अशी नीट कोपऱ्यात सारली, आणि बाजूला झाला. मला रडायचं नव्हतं, पण रडू आलं, हुंदके देऊन आलं. गाडी शहराबाहेर पडली तरी थांबेना. शेजारी बसलेल्या म्हातारीनं शालीआडून पावाचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

"कोण होता गं तो?" तिनं विचारलं.

"माझा होता," मी म्हणाले.