पिठाच्या डब्यातली इंजेक्शनं

"अहो, ती पेटी डोक्यावर घ्या! भिजली तर तुमच्या पगारातून कापतील!"

गुडघाभर पाण्यात उभी राहून टिवोंगे ओरडली. जिल्ह्याहून औषधांच्या पेट्या घेऊन बोट आली होती, सरोवराच्या लाटा तिला गदागदा हलवत होत्या, आणि हा नवा हमाल पेटी छातीशी धरून नुसता डुलत होता. त्याने निमूटपणे पेटी डोक्यावर घेतली, वाळूवर नेऊन ठेवली, आणि मग झुडपाआड जाऊन पोटातलं सगळं ओकला.

"हमाल नाही मी," परत येऊन तोंड पुसत तो म्हणाला. "जिल्ह्याच्या औषध भांडाराचा नवा अधिकारी. सुझगो न्यिरेंडा."

सुझगो म्हणजे त्रास. टिवोंगेने ओठ घट्ट आवळले, तरी हसू डोळ्यांत आलंच.

"हसा, हसा. आईला बाळंतपण फार जड गेलं होतं, म्हणून ठेवलं. तुमचं नाव?"

"टिवोंगे म्होने. इथली नर्स, दाई, कंपाउंडर... जे म्हणाल ते."

"बरं, न्याम्होने —"

बाईला तिच्या बापाच्या कुळाच्या नावाने हाक मारायची, ही आमच्याकडची रीतच. पण त्याने ते नाव असं सावकाश घेतलं की... छे, वाऱ्यामुळे तसं वाटलं असेल!

दवाखान्याचं कपाट उघडून त्याने विचारलं, "गरोदर बायांचे झटके थांबवणारं मॅग्नेशियम किती शिल्लक?"

"काहीच नाही."

"गंमत आहे. सगळ्याच केंद्रांवर काहीच नाही. खरं सांगितलंत ना, तर एकीकडचं दुसरीकडे नेता येईल. ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचं, मी भरून देणार."

"भरून देणारे खूप पाहिले, न्यिरेंडा."

"मला कुठे पाहिलंत अजून?"

टिवोंगे खोटं बोलली होती. तिच्या स्वयंपाकघरात, कसाव्याच्या पिठाच्या डब्यात, एका बाईपुरती इंजेक्शनं पुरून ठेवलेली होती. चोर नव्हती ती. गेल्या वर्षी कपाट रिकामं असताना एक बाई तिच्या मांडीवर गेली होती. शिवाय 'आमच्याकडे आहे' असं जो म्हणेल, त्याला पुढच्या खेपेला हमखास कमी मिळे. मग खरं कोण बोलणार?

सुझगो येत राहिला. दर खेपेला ओकायचा, आणि मग तिच्या ओट्यावर बसून तळलेली उसिपा मासळी मिटक्या मारत खायचा.

"तुझ्या हातचं खायला मी एवढे हाल सोसतो, न्याम्होने."

"वाटेत पोट रिकामं करून येतोस म्हण की!"

'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. चटईवरून धाकटी बहीण एलुबी खुसखुसायची. "ताई, भांडाराचा साहेब महिन्यातून एकदाच यायचा ना गं? आता दर शनिवारी औषधं संपतात वाटतं!" एलुबीचा नवरा जोहान्सबर्गला खाणीत होता आणि ती गरोदर होती. हल्ली तिचे पाय सुजत होते, रक्तदाब चढत होता. टिवोंगे रोज सकाळी तो मोजायची आणि बहिणीसमोर चेहरा हसरा ठेवायची.

जूनमध्ये म्वेरा सुटला. दक्षिणेचा हा वारा सुटला की सरोवर दिवसेंदिवस खवळलेलं राहतं, आणि बोटी वाळूवर उपड्या पडून असतात. तो थांबला की एलुबीला बोटीने जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. दुपारी फोन वाजला.

"न्याम्होने, मी चिझीच्या केंद्रावर अडकलोय. इथे एका पोरीला झटके येतायत. सगळीकडे विचारलं, कुणाकडेच मॅग्नेशियम नाही. तुझ्याकडे...?"

टिवोंगेने एलुबीच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गेल्या वर्षीच्या त्या बाईचे वर फिरलेले डोळे तिला दिसायला लागले. चिझी टेकाडापलीकडेच होतं. तिथल्या नर्सच्या मांडीवरही आता तेच... तिने फोन उचलला.

"आहे."

मग तो म्हणाला, "माझ्यापासूनही लपवलंस?"

"सगळ्यांपासून. लवकर ये."

तो टेकाड ओलांडून धावतच आला. तिने डबा पुढे केला, पण हातातून सोडवेना.

"एलुबीला काही झालं तर?"

"मी भरून देईन."

"कुठून? जिल्ह्यातही संपलंय, तूच म्हणालास!"

त्याने मान खाली घातली. "एक पेटी आहे. माझ्या भांडारात, जुन्या मच्छरदाण्यांच्या मागे. वरच्यांना ठाऊक नाही."

"आणि आम्हाला खरं बोला म्हणून सांगत फिरतोस?"

"म्हणूनच सांगत फिरतो. भीती काय असते ते मला माहीत आहे ना."

एरवी ती पोट धरून हसली असती. आता मात्र तिने डबा त्याच्या हातात कोंबला आणि ओरडली, "पेटी घेऊनच ये! रिकाम्या हाताने मला तोंड दाखवू नकोस!"

तो गेला. संध्याकाळपर्यंत फोनचा मनोराही वाऱ्याने बंद पडला.

दुसऱ्या दिवशी एलुबीचं डोकं दुखायला लागलं. टिवोंगे तिला गोळ्या द्यायची, रक्तदाब मोजायची, आणि दर थोड्या वेळाने किनाऱ्यावर धावायची. पाणी काळंशार झालं होतं. यात बोट घालणारा वेडाच म्हणायचा... आणि त्याला तसं करायला तिनेच सांगितलं होतं! बहिणीसाठी तो यायला हवा, आणि जिवंत राहायचा तर येता कामा नये. देवाकडे नेमकं काय मागायचं, तेच तिला कळेना.

तिसऱ्या सकाळी किनाऱ्याने एक कोळी आला. "टोकापाशी बोट उलटली म्हणे. जिल्ह्याहून निघालेली. कोण होतं, ठाऊक नाही."

टिवोंगेला रडायलाही सवड मिळाली नाही, कारण घरातून भांडी कोसळल्याचा आवाज आला. ती धावली. एलुबीचं अंग ताठ झालं होतं, दात घट्ट मिटले होते. टिवोंगेने तिला कुशीवर वळवलं, लाळ पुसली, आणि रिकाम्या घरात वेड्यासारखी हाका मारत सुटली. कुणाला, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"आलो!"

आवाज मागच्या दारातून आला. डोंगराच्या बाजूने. सुझगो दारात उभा होता. पायांना जखमा, अंगभर चिखल, डोक्यावर पेटी. बोटी बंद म्हणून तो वरच्या रस्त्यापर्यंत मालट्रकने आला होता, आणि पुढे बकऱ्यांच्या वाटेने चालत. ती मात्र तीन दिवस पाण्याकडेच बघत बसली होती.

बोलायला वेळ नव्हता. त्याने एलुबीला धरून ठेवलं, टिवोंगेने इंजेक्शनं भरली. हळूहळू एलुबीचे दात सुटले. श्वास संथ झाला. दुपारी तिने पाणी मागितलं, तेव्हा टिवोंगे भिंतीला टेकून हमसाहमशी रडली.

"चिझीची पोर?" तिने शेवटी विचारलं.

"वाचली. मुलगी झाली."

बाहेर वारा पडत चालला होता. पहाटे एलुबीला बोटीने न्यायचं होतं, आणि तो बरोबर जाणार होता. तो उठला तेव्हा टिवोंगेने त्याची बाही धरली.

"सुझगो, मला भीती वाटते. आजचीच नाही. तू पाण्यावर असलास की मला भीती वाटणारच. आयुष्यभर."

तो थांबला. "आयुष्यभर?"

आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं. पण शब्द मागे घ्यावा असं तिला वाटलं नाही. तिने बाही आणखी घट्ट धरली.

"माझ्या काकांकडे मागणी घालायला माणूस पाठव," ती म्हणाली. "आणि त्याला डोंगरावरून यायला सांग."